खंडित मूर्तीला नमस्कार करावा का?



सुट्टीत नातीला घेऊन ग्वाल्हेरला जाऊन आले. किल्ल्यावरचा मानमंदिर राजवाडा सगळेच बघतात. आम्ही आधी पायथ्याच्या गुजरी महालात गेलो. राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी तो बांधला. आता तिथे छोटं संग्रहालय आहे, आणि ते उभं करणारे मो. ब. गर्दे मराठी होते, याचं मला उगाचच कौतुक वाटलं! ग्यारसपूरची शालभंजिका बघायला लोक येतात. सुंदरच आहे ती. माझे पाय मात्र तीर्थंकरांच्या मूर्तींपाशी थांबले.

कुणाचा हात तुटलेला, कुणाचं मस्तकच नाही. नातीने हात जोडले, तशी मी तिला हटकलं, "अगं, खंडित मूर्तीला नमस्कार करायचा नसतो." तिने गुपचूप हात खाली घेतले.

तिथून गाडीने वळसा घालून उरवाहीला गेलो. १५ व्या शतकात, तोमर राजे डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात कड्यातच कोरलेल्या दिगंबर मूर्ती. उभे आदिनाथ भगवान सुमारे ५७ फूट! माझे हात आपोआप जोडले गेले. नात म्हणाली, "आजी, या पण फोडलेल्याच ना?" खरंच होतं. या मूर्ती फोडायचा हुकूम दिल्याचं बाबराने स्वतःच लिहून ठेवलंय. काहींचे चेहरे आपल्या लोकांनी मागाहून नीट केले, तरी घाव दिसतातच. मला उत्तर सुचलं नाही.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर कळवा. मूर्ती खंडित झाली की तिचा अभिषेक, पूजा थांबते, ही वेदीची मर्यादा झाली आणि ती पाळायलाच हवी. संग्रहालयात अक्षता वाहू नयेत, गंध लावू नये, दगड खराब होतो. पण वंदन आपण दगडाला कुठे करतो? वीतराग गुणांना करतो. मग मनात णमोकार म्हणून हात जोडले तर बिघडलं कुठे?

"आपल्या मूर्ती मंदिरांना परत द्या" असंही काही जणी म्हणतात. मला ते पटत नाही. मंदिराच्या मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली जुनी मूर्ती मी डोळ्यांनी पाहिलीय. इथे निदान छप्पर आहे, आणि परधर्मी माणूसही दोन मिनिटं थांबून बघतो.

नातीला फोन करून सांगितलं, माझंच चुकलं. ती हसली. पुढच्या वेळी तिलाच मूर्ती ओळखायला लावणार आहे. बैठकीवर बैल, खांद्यांवर रुळणारे केस म्हणजे आदिनाथ. सात फणा बहुधा पार्श्वनाथ, पाच असतील तर सुपार्श्वनाथ. फणा मोजताना माझीही एकदा गफलत झाली होती.