रिपोर्टातली एक ओळ

मामांच्या मेंदूतल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सगळ्यांनी एकच शब्द वाचला, ग्लायोब्लास्टोमा. त्याखाली अजून एक ओळ होती. 'एमजीएमटी प्रमोटर: अनमिथायलेटेड.' मामेभावाने फोनवर विचारलं, "हे चांगलं की वाईट रे?" मला सांगता येईना. मग वाचत बसलो.

टेमोझोलोमाइडची गोळी गाठीतल्या पेशींच्या डीएनएवर मिथाइल गट चिकटवते आणि त्या मरतात. एमजीएमटी नावाचं प्रथिन तो गट उपटून स्वतःवर घेतं, डीएनए दुरुस्त होतो. प्रत्येक रेणू एकदाच वापरायचा, मग बाद. म्हणजे हे प्रथिन जितकं जास्त, तितकी गोळी फुकट. काही गाठींत या जनुकाचं बटण, म्हणजे प्रमोटर, बंद असतं. बंद करणारं कोण? तेही मिथाइलच!

मग सरळ प्रथिनच का मोजत नाहीत? मोजून पाहिलंय. पण गाठीच्या तुकड्यात रक्तवाहिन्यांच्या, पांढऱ्या पेशीही येतात, त्यांच्यातही ते असतं, आणि आकडा फसवतो. म्हणून बटणच तपासतात.

लोझानच्या मोनिका हेगी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २०६ रुग्णांच्या गाठींचा निकाल छापला. बटण बंद असलेल्यांपैकी रेडिएशनसोबत गोळी घेणारे निम्मे रुग्ण २१.७ महिन्यांच्या पुढे गेले. नुसत्या रेडिएशनवर हाच आकडा १५.३. बटण चालू असलेल्यांत १२.७ आणि ११.८.

मामांचं चालू होतं.

तरीही गोळी देतातच, कारण त्याहून बरं हाती फारसं नाही, आणि थोड्यांना फायदा होतोही. "मग तपासायचं कशाला?" असं मावशी म्हणाली. मला हे अजिबात पटत नाही. वय झालेल्या, थकलेल्या रुग्णाला रेडिएशन द्यायचं की नुसती गोळी, हे ठरवताना ही ओळ बघतात. आणि बाकीच्यांना आपल्यापुढे किती दिवस आहेत याचा अंदाज नको? आमच्या डॉक्टरांनी त्या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना काय बोलू, मला कळल्यावर मीही मामांना सांगितलं नाहीच.

चौथ्या सायकलनंतर त्यांनीच विचारलं. सांगितलं. थोडा वेळ गप्प होते.

"आधी सांगायचंस की रे. गोळ्या घेतल्याच असत्या. पण चालता येत होतं तेव्हा गुहागरला जाऊन आलो असतो."