सरपणाचा भाव आणि पाण्याचा काटा



घरोघरी गॅस आला आणि जळाऊ लाकडाचा धंदा संपला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत आमच्या तळवलीच्या चुलींपुरते ठीक आहे. धंदा संपला नाही, गिऱ्हाईक बदलले. कारखान्यांचे बॉयलर आजही लाकूड आणि भुशाच्या कांड्या जाळतात. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात शेतकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचे बंधन केंद्र सरकारनेच घातले. उलट, लाकूड-कोळशावरच्या मुंबईतील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. म्हणजे खप एकीकडे घटतो, दुसरीकडे वाढतो.

टनाचा भाव चढला एवढ्यावरून टंचाई ठरवणे तर धाडसाचेच! पावसाळ्यात वखारीतल्या ओंडक्यांवरची ताडपत्री फाटकी असली, की काट्यावर पाणीही तोलले जाते. चाळीस टक्के ओलावा म्हणजे टनामागे ४०० किलो पाणी. वीस टक्के ओलाव्याच्या लाकडाच्या तुलनेत उष्णता मिळते सुमारे तीस टक्के कमी. भाव तोच, माल मात्र महाग पडला. (वखारवाल्यांना हे न सांगताही कळते.)

तेव्हा आपल्या बाजारभावाच्या रकान्यात लाकडाच्या दराशेजारी ओलाव्याचा टक्काही छापावा, ही विनंती.

– एक वाचक, तळवली, नवी मुंबई