मशीन घरी आलं, शिकवायला कोणी आलं नाही

मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गेले आठ महिने बाबांच्या पलंगाशेजारी एक स्टूल आहे. त्यावर बायपॅप, खाली नेब्युलायझर आणि बाजूला इन्व्हर्टर. बाबा 74 वर्षांचे. छापखान्यात आयुष्य गेलं, तीस वर्षं सिगरेट ओढली. पंधरा वर्षांपूर्वी सोडली, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आजाराचं नाव सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं, आत कफ साठणं, हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही, असा सगळा प्रकार.

ही पोस्ट सहानुभूतीसाठी नाही. बाबा आता बरे आहेत, सकाळी पेपर वाचून राजकारण्यांना शिव्या घालतात म्हणजे दम पुरतोय. लिहितोय ते यासाठी की आमच्यासारखी घरं मुलुंड ते घाटकोपर आणि अंधेरी ते बोरिवली, गल्लोगल्ली आहेत. आम्ही ज्या खड्ड्यात पडलो त्यात बाकीच्यांनी पडू नये.

तर झालं असं. पहिल्यांदा हॉस्पिटलमधून घरी सोडताना फाइलवर दोन ओळी होत्या. रात्री बायपॅप, दिवसातून तीनदा नेब्युलायझेशन. भाड्याने मशीन देणाऱ्याचा नंबर वॉर्डबॉयने दिला. डिपॉझिट दहा हजार, महिन्याला पाच हजार. संध्याकाळी एक पोरगा बाइकवरून मशीन घेऊन आला, सात मिनिटांत जोडलं आणि म्हणाला, "काका, हे बटण दाबायचं, बस." बायपॅप चालू असतानाच औषध देता यावं म्हणून त्याने नेब्युलायझरचा कप मशीनच्या तोंडाशीच नळीत बसवून दिला. आम्हाला वाटलं, वा! एका दगडात दोन पक्षी.

एकोणिसाव्या दिवशी बाबा परत अॅडमिट. पाच दिवस, 1 लाख 42 हजार.

चूक कुठे झाली ते नंतर भांडुपहून आलेल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने चाळीस मिनिटं बसून समजावलं. तिला आमच्या शेजाऱ्यांनी पाठवलं होतं, हॉस्पिटलने नाही. ती म्हणाली ते सोप्या भाषेत सांगतो. घरच्या बायपॅपला एकच नळी असते. आत येणारी हवा आणि बाहेर सोडलेला श्वास, दोन्ही तिथूनच. सोडलेली हवा बाहेर पडावी म्हणून नळीवर किंवा मास्कवर बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. आमच्या नळीवर ती भोकं मास्कच्या जवळ होती आणि औषधाचा कप पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे औषधाचा फवारा बाबांपर्यंत पोचायच्या आधीच त्यातला बराचसा खोलीत उडून जात होता. कप भोकं आणि मास्क यांच्या मध्ये हवा होता. वीतभर अंतराचा फरक!

दुसरं, मास्क नाकाच्या वरच्या बाजूने गळत होता. बाबा रोज म्हणायचे, "डोळ्यांसमोर धूसर दिसतंय." आम्ही म्हणायचो, वय झालं. खरं कारण औषध. इप्राट्रोपियम नावाचं औषध नेब्युलायझरमध्ये सर्रास देतात. ते डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होते, धूसर दिसतं आणि ज्यांना काचबिंदूचा धोका आहे त्यांचा डोळा अचानक बिघडू शकतो. हे आम्हाला एकानेही सांगितलं नव्हतं. मी कोणा एका हॉस्पिटलला किंवा दुकानदाराला दोष देत नाहीये. हे सांगणं आपलं काम आहे, असं त्या साखळीत कोणालाच वाटलं नाही, हाच तर मुद्दा आहे.

आता गंमत बघा. दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी एक विक्रेता भेटला. म्हणाला, "सर, हे वेगवेगळं कशाला करताय? टू इन वन घ्या. प्रेशर आणि औषध एकाच मशीनमधून, लेटेस्ट टेक्नॉलॉजी. 1 लाख 15 हजार, तुमच्यासाठी पाच कमी." घाबरलेल्या मुलाच्या खिशात क्रेडिट कार्ड असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी जवळजवळ घेतलंच होतं.

घाटकोपरच्या छातीच्या डॉक्टरांनी अडवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काका दहा मिनिटं मास्क काढून बसू शकतात का?"

"हो, बसतात की."

"मग दोन्ही एकत्र जोडायचंच कशाला? आधी नेब्युलायझर घ्या, चूळ भरा, मग मास्क लावा. गंभीर अॅटॅकमध्ये मास्क काढताच येत नाही, तेव्हा आम्ही आयसीयूत असं जोडून देतो. तुमच्या घरी ती वेळ नाही."

घरी येऊन थोडं वाचलं तर कळलं, ही 'लेटेस्ट टेक्नॉलॉजी' आपल्या बाबांच्या शाळेच्या दिवसांतली आहे. दाबाने हवा आत ढकलायची आणि त्याच हवेतून औषध द्यायचं, अशी यंत्रं अमेरिकेत फॉरेस्ट बर्ड यांनी 1950 च्या दशकातच आणली. पुढची वीस-पंचवीस वर्षं ती धडाक्यात वापरली गेली. मग तिथल्या सरकारी पैशातून एक मोठी चाचणी झाली. घरी राहणारे सीओपीडीचे 985 रुग्ण घेतले. निम्म्यांना दाब अधिक औषध देणारं महागडं यंत्र, निम्म्यांना साधा कॉम्प्रेसरवाला नेब्युलायझर. 1983 साली निकाल छापून आला. साध्या नेब्युलायझरपेक्षा महाग यंत्राचा काही जास्त फायदा नाही. त्यानंतर त्या यंत्रांची लाट ओसरली. आज आपल्याकडे कोणी तीच कल्पना नव्या डब्यात घालून विकायला आलं, तर निदान "कोणत्या रुग्णासाठी?" एवढं तरी विचारायला हवं.

पण थांबा. यावरून "मशीनबिशीन सगळी लूट आहे" असा निष्कर्ष काढू नका. तेही तितकंच चूक. ब्रिटनमध्ये 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठा अॅटॅक येऊन गेल्यावर 2 ते 4 आठवड्यांनीही ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेलाच राहिला, अशा 116 रुग्णांवर. ऑक्सिजनसोबत घरी बायपॅपसारखं मशीन मिळालेल्यांना पुन्हा अॅडमिट व्हायची किंवा दगावण्याची वेळ येईपर्यंत मध्यमानाने 4.3 महिने गेले. नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे 1.4 महिने. अॅडमिट होण्यात जवळजवळ तीन महिन्यांची उसंत! सीओपीडीच्या घरात तीन महिने म्हणजे काय, ते त्या घरालाच विचारा.

म्हणजे तेच हवेचं प्रेशर एका रुग्णाला जगवतं आणि दुसऱ्याच्या घरी नुसता खर्च होऊन पडतं. फरक मशीनमध्ये नसतो, रुग्ण निवडण्यात आणि शिकवण्यात असतो. बाबांची ती रक्ताची फेरतपासणी पहिल्या वेळी कोणी करायला सांगितलीच नव्हती. दुसऱ्या वेळी केली, कार्बन डायऑक्साइड वाढलेलाच निघाला, म्हणून त्यांचं रात्रीचं बायपॅप चालू आहे. औषध वेगळं, साध्या नेब्युलायझरने. त्यानंतर आजपर्यंत एकदाही अॅडमिट नाहीत.

हा प्रश्न किती जणांचा आहे? लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये 2018 साली आलेल्या अंदाजानुसार भारतात 2016 मध्ये सीओपीडीचे साधारण 5 कोटी 53 लाख रुग्ण होते आणि दम्याचे 3 कोटी 79 लाख. उपनगरांत राहणाऱ्यांना आकड्यांची गरजही नाही. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवा. समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, रस्ता काँक्रीटसाठी खणलेला. धूळ रोखायला 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांना पत्रे उभारा, पाणी मारा असे नियम घालून दिले. ते किती पाळले जातात ते आपण रोज बघतोच.

आता सरकारकडे वळू. 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि मग नेब्युलायझर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, बीपी मशीन यांच्यावरच्या व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली. चांगलं केलं. पण बायपॅप त्या यादीत नव्हतं. त्याच्या वाट्याला काय आलं, तर जीएसटी 12 वरून 5 टक्के, तोही फक्त 30 सप्टेंबर 2021 पर्यंत. जणू त्या तारखेनंतर लोकांना दम लागायचा थांबणार होता! मुंबईकरांनी 'बायपॅप' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो मुलुंडच्या आणि गोरेगावच्या जम्बो कोविड केंद्रांच्या काळात. केंद्रं गेली, शब्द राहिला आणि बिलंही राहिली.

विम्याची कथा याहून मजेशीर. विमा नियामकाच्या यादीत काही वस्तू अशा आहेत ज्यांचे पैसे कंपनीने द्यायलाच हवेत असं नाही. त्यात घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, स्पेसर आहे, नेब्युलायझर किट आहे. आमच्या बिलात 1 लाख 42 हजारांपैकी बहुतेक रक्कम कंपनीने बिनतक्रार भरली, काट मारली ती नेब्युलायझर किटवर. पाच दिवसांच्या खाटेला पैसे आहेत, ती खाट लागू नये म्हणून जे लागतं त्याला नाहीत. महात्मा फुले योजनेतही 5 लाखांचं संरक्षण आहे, पण तो सगळा विचार दाखल झालेल्या रुग्णाचा. घरी श्वास घेणारा माणूस कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

माझ्या मागण्या तीनच.

एक. श्वासाचं कोणतंही मशीन लिहून देणाऱ्या हॉस्पिटलने, सरकारी असो वा खासगी, डिस्चार्जच्या आधी घरच्या एका माणसाकडून ते जोडून, लावून, धुऊन दाखवून घ्यावं आणि फाइलवर तशी सही घ्यावी. बाळंतिणीला घरी सोडताना बाळाला कसं धरायचं ते शिकवता ना? तसंच. आणि फेरतपासणीची तारीखही त्याच कागदावर.

दोन. राजावाडी, मुलुंडचं अग्रवाल, कांदिवलीचं शताब्दी, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मशीन बँक सुरू करा. डिपॉझिटवर मशीन द्या, मास्क आणि नळी ज्याची त्याची, आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. "लोक मशीन परत करणार नाहीत, मोडतील" असं कोणी म्हणेल. आपल्याकडची मंडळं आणि ट्रस्ट वर्षानुवर्षं व्हीलचेअर, वॉकर, एअरबेड डिपॉझिटवर देतायत, त्यांचं कुठे दिवाळं निघालं? उलट त्या मंडळांनीच पुढच्या गणपतीच्या वर्गणीतून दोन-दोन मशीन घ्यावीत, असं मी आमच्या मंडळात मांडणार आहे.

तीन. बायपॅपच्या नफ्यालाही मर्यादा घाला आणि डॉक्टरने लेखी दिलं असेल तर घरच्या मशीनचं भाडं विम्यातून मिळू द्या.

आणि तोवर आपण काय करायचं? मशीन घेताना विक्रेत्याला नाही, डॉक्टरला तीन प्रश्न विचारा. हे माझ्याच रुग्णाला का? किती दिवस? बरं वाटतंय की नाही ते कधी आणि कसं तपासायचं? नेब्युलायझर नळीत जोडणार असाल तर कप नेमका कुठे, ते मशीन आणि मास्क समोर ठेवून दाखवून घ्या. आपल्या मनाने काही बदलू नका, औषधही नाही आणि प्रेशरही नाही.

जाता जाता एक. बाबांचा कफ सुटावा म्हणून त्या भांडुपच्या मुलीने काय दिलं माहितीये? पाण्याची बाटली. त्यात साधारण 10 सेंटीमीटर पाणी आणि बोटभर जाडीची नळी. नेब्युलायझर झाला की नळीतून हळूहळू फुंकत बुडबुडे काढायचे. पाण्याच्या तेवढ्या दाबाने श्वासनळ्या उघड्या राहतात आणि कफ सैल होतो. हेही प्रत्येकाला चालतं असं नाही, म्हणून फिजिओला विचारूनच करा. पण बघा, प्रेशर आणि औषध, दोन्ही आलं की! खर्च बाटलीचा आणि नळीचा. बाकी किंमत त्या चाळीस मिनिटांची होती, आणि नेमकी तीच कुठल्या बिलात लिहिलेली नसते.

तुमच्या घरी असं मशीन असेल तर आज रात्री एकदा नळी नीट बघा. काही सांगायचं असेल तर खाली लिहा. डॉक्टर आणि फिजिओ मित्रांनो, माझं काही चुकलं असेल तर हक्काने दुरुस्त करा. आणि पोस्ट शेअर करायला परवानगीची गरज नाही.