डॉक्टर फोनवर असले तरी उपवास सांगायचाच



हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवतात. गुडघे धरलेले असताना रिक्षाची दगदग नको, दवाखान्यात दोन तास बसणे नको. सोय चांगलीच आहे. पण माझे मत असे की या भेटीची तयारी दवाखान्यात जाण्यापेक्षा जास्त करावी लागते आणि त्या तयारीत आपले व्रत-उपवास पहिल्या ओळीत हवेत.

दवाखान्यात डॉक्टर आपली चाल बघतात, पायाची सूज दाबून बघतात, नाडी धरतात. फोनवर त्यांना चेहरा दिसतो. बाकी आपण सांगू तेवढेच.

गेल्या दशलक्षण पर्वात माझ्या नणंदबाईंनी मधुमेहासाठी असाच कॉल केला. डॉक्टरांनी विचारले, "जेवण वेळेवर असते ना?" त्या म्हणाल्या, "हो, अगदी वेळेवर." खोटे नव्हतेच ते, एकाशन रोज वेळेवरच व्हायचे! गोळी मिळाली दोन वेळा, जेवणाआधी. संध्याकाळची गोळी त्या सूर्यास्तापूर्वी रिकाम्या पोटी घेत राहिल्या. चौथ्या दिवशी हात थरथरले, दरदरून घाम सुटला, साखर ५८ वर आली. सूर्य मावळला म्हणून चिमूटभर साखर तोंडात घालायला तयार नव्हत्या. मुलाने अक्षरशः पाया पडून ती घ्यायला लावली.

म्हणून एकाशन, निर्जल उपवास, सूर्यास्तापूर्वीचे जेवण हे सगळे डॉक्टरांना न विचारता सांगावे. साखरेच्या काही गोळ्या उपाशीपोटी धोक्याच्या असतात. लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि पाणी बंद, याने चक्कर येऊ शकते. उपवासात गोळी कशी घ्यायची, बदलायची का, हे पर्व सुरू होण्याआधीच विचारावे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. चालत नसेल तर गोळी किंवा दुसरा पर्याय आहे का, हेही निःसंकोच विचारावे.

कोणी म्हणेल, डॉक्टर उपवास सोडायला सांगतील. सांगतीलही. पण सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे, म्हणजे शक्तीनुसार तप. शक्ती किती उरली हे शरीर तपासणाराच सांगू शकतो. ते लपवून केलेल्या तपाला मी तरी तप म्हणणार नाही.

आता तयारी. मी कॉमर्सची, कीर्द लिहायची सवय. एका कागदावर हे लिहून ठेवते:

• मुख्य तक्रारी तीनच, केव्हापासून आणि कशाने वाढतात.
• चालू औषधे, मिलिग्रॅमसह. पाकिटे हाताशी. आयुर्वेदिक चूर्णसुद्धा लिहायचे.
• कशाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशने.
• व्रते आणि जेवणाच्या वेळा.
• वजन, साखर, बीपी. बीपी घेण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर.

रिपोर्टचे फोटो उजेडात काढून आदल्या दिवशीच पाठवावेत. खिडकी पाठीमागे नव्हे, समोर हवी. फोन डब्याला टेकवावा आणि दार लावून घ्यावे. मुलाने किंवा सुनेने कॉल जोडून द्यावा, पण बोलायचे आपण. लघवीवर ताबा नसणे, अंगावरून पांढरे जाणे, हे त्यांच्यासमोर आपण बोलत नाही आणि मग ते राहूनच जाते.

हक्कही माहीत असावेत. २५ मार्च २०२० पासून देशात टेलिमेडिसिनचे नियम आहेत. डॉक्टरांनी नाव आणि पात्रता सांगायची असते, चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. काही औषधे फोनवर देताच येत नाहीत. "प्रत्यक्ष या" म्हटले तर रागावू नये. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे.

छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, असे काही झाले तर मात्र व्हिडिओची वाट बघू नका. थेट १०८ लावा.

पुढचे पर्व येण्याआधी हा कागद तयार करा. शेजारच्या काकूंनाही करून द्या.