इंग्रजीवर भागतं, पण कुठवर?

जर्मनीला निघालेल्या मुलाला सल्लागारापासून काकापर्यंत सगळे एकच सांगतात : मास्टर्स इंग्रजीत आहे, आयईएलटीएस झालंय, आता जर्मन कशाला? हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठात इंग्रजीतले अभ्यासक्रम आहेत, प्रबंध इंग्रजीत चालतो, तरुण जर्मन इंग्रजी बरं बोलतात. 2023-24च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. त्यांतल्या कित्येकांचं शिक्षण इंग्रजीतच चाललं होतं.

पण राहायचं असतं वर्गाबाहेर. भागीदारीतल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर घ्या. एकटा जर्मन मुलगा तुमच्याशी आवर्जून इंग्रजी बोलतो. दुसरा आत आला की दोन मिनिटांत गप्पा जर्मनमध्ये. यात उद्धटपणा नाही. थट्टा आणि भांडण माणूस आपल्याच भाषेत करतो. (पुण्याच्या होस्टेलात तमिळ मुलासमोर आपण वेगळं काय करतो?) मग सगळे हसल्यावर आपण हसायचं, कशाला ते न कळता. हे रोज झालं की मुलगा जेवणाचं ताट खोलीत न्यायला लागतो. आयईएलटीएसमध्ये याची परीक्षा नसते.

‘कानावर पडून येईल’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, पडणार कुठे? प्रयोगशाळेत इंग्रजी, खोलीत मराठी-हिंदी. त्यात मॅक्सम्युलर भवनात ‘नाही’साठी ‘निष्ट’ शिकून गेलेल्याला बव्हेरियात ‘नेड’ ऐकू येतं.

तिसरा आरोप, आपलीच मुलं कोंडाळं करून राहतात. अहो, नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, घरमालकाकडून त्याचा कागद घ्यायचा असतो, हे नवख्याला समजावतं ते कोंडाळंच. भाषा अडते म्हणून ते जमतं. ते जमल्यामुळे भाषा अडते, हा उलटा न्याय झाला.

माझं म्हणणं एवढंच : निघण्यापूर्वी बी-वन पातळीपर्यंत जर्मन हवं, आणि त्यात व्याकरणाइतकंच फालतू गप्पांना स्थान हवं. अर्धवेळ कामाच्या कित्येक जाहिराती जर्मन मागतात, हे शुल्क घेणाऱ्या सल्लागाराने आधीच सांगावं. इंग्रजी अभ्यासक्रम विकणाऱ्या विद्यापीठांनीही जर्मनला श्रेयांक द्यावेत. संध्याकाळचा ऐच्छिक वर्ग प्रयोगशाळेच्या कामापुढे सुटतो, हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे?