विळीचा पाट

विळीच्या पात्याची धार सर्वांस दिसते; पण तें पातें ज्याच्या आधारें उभें राहतें त्या पाटाकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक विळीची सारी भिस्त पाटावर असते. सुरीनें चिरतांना पातें चालतें, विळीवर पातें स्थिर असून हात चालतो. म्हणून पाट हलला तर जखम हातासच व्हावयाची. पुष्कळ घरांत 'विळी डुगडुगते' असें सांगून सांगून गृहिणी थकतात आणि पुरुषमंडळी वर्तमानपत्रांतून मान वर करीत नाहींत. यास्तव या खेपेस आम्ही घरच्या घरीं विळीचा पाट करण्याचा विषय घेतला आहे.

प्रथम लाकूड. आमच्या घोटीकडे हा प्रश्न अधिकच बिकट आहे. शेजारच्या इगतपुरीस वर्षाकांठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यांत हवा अगदीं कोरडी होते. लाकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. परंतु हें सारें तंतूंना आडव्या दिशेनें घडतें, तंतूंच्या लांबीस जवळजवळ नाहींच. हा एक नियम ध्यानांत ठेविला म्हणजे अर्धें सुतारकाम कळलें. आंब्याची फळी स्वस्त, पण तीस कीड लवकर लागते. सागवान उत्तम, जुन्या वाड्याच्या मोडक्या चौकटीचें मुरलेलें सागवान त्याहूनहि उत्तम. मात्र चौकटीस तेलरंग दिलेला नसावा, कारण जुन्या रंगांत पुष्कळदां शिसें असे. आणि करवत लावण्यापूर्वीं खिळे शोधून काढावे.

पाट सुमारें १६ इंच लांब, ६ इंच रुंद व सव्वा इंच जाड घ्यावा. तंतू लांबीच्या दिशेनें असावेत. तथापि हीं मापें अंतिम नव्हेत. जी विळीवर बसणार तिला आधीं फळीवर बसवून तिचा पाय कोठें टेकतो तें पाहावें व मग खुणा कराव्या. चपला पाय पाहून घेतात, मग विळी कां घेऊं नये? पात्याच्या बुडाएवढें भोंक गिरमिटानें पाडून पटाशीनें चौकोनी करावें. पातें बसल्यावर पाचर मारावयाची ती पात्याच्या पुढून किंवा मागून, म्हणजे तिचा दाब तंतूंच्या लांबीच्या दिशेनें पडतो. बाजूनें मारलेल्या पाचरेनें पाट उभा चिरतो. खालचें अंग मधोमध किंचित् खोलगट रंधावें. मग पाट दोन्ही टोंकांवर टेकतो व डुगडुगत नाहीं.

शेवटीं तेल. शेंगदाण्याचें तेल वाळत नाहीं व पुढें खवट होतें. जवसाचें कच्चें तेल हवेनें वाळून घट्ट होतें. रंगाच्या दुकानांतील 'उकळलेलें' जवसतेल स्वयंपाकघरास वर्ज्य समजावें, कारण त्यांत बहुधा धातूंचीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. जवसतेलाचें फडकें चुरगळून टाकूं नये. तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें. तें दोरीवर पसरून वाळवावें.

अलीकडे कित्येक घरांत चीज येऊं लागलें आहे. त्यासाठीं पाश्चात्य लोक अशाच पाटावर दांड्यास पोलादी तार ताणून बसवितात. रुंद पात्यास मऊ चीज चिकटून राहतें; बारीक तारेस चिकटावयास अंगच नसतें. तार जेथें पाटास भिडते तेथें आडवी खांच पाडली कीं तुकडा पुरता सुटतो. ज्यास विळीचा पाट साधला त्यास हाहि साधेल. नॉर्वेंतील थोर ब्यर्क्लुंड या सुतारानें १९२५ सालीं चीज कापण्याच्या एका साधनाचें पेटंट घेतलें. त्यास ती कल्पना आपल्या रंध्यावरून सुचली होती.

हातकाम हें आपलें नव्हे, असें ज्या सुशिक्षितांस वाटतें त्यांनीं ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांतील ११२ वें सूक्त काढून पाहावें. तेथें सुतार, वैद्य आणि ब्राह्मण एकाच ऋचेंत शेजारीं शेजारीं बसले आहेत. येत्या सुटींत घरांतील मुलांच्या हातीं रंधा द्यावा, वडील माणसानें जवळ बसावें. आणि पाट तयार झाल्यावर पहिली भाजी पुरुषांनींच चिरावी. तो डुगडुगतो कीं नाहीं, याचा निकाल तेथल्या तेथें लागेल.