श्रमाचा हिशेब

सन 1885 मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रँक गिलब्रेथ नावाचा सतरा वर्षांचा तरुण गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. शिकवणाऱ्या कारागिरांकडे पाहताना त्याला एक चमत्कारिक विसंगती दिसली. तोच गवंडी निवांतपणे काम करताना एका रीतीने हात चालवी, घाईच्या वेळी दुसऱ्या रीतीने, आणि शिकाऊ मुलाला समजावून सांगताना तिसऱ्याच. यांतील योग्य रीत कोणती, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. ज्या धंद्याचे वय हजारो वर्षांचे, त्यात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता!

पुढे स्वतः कंत्राटदार झाल्यावर गिलब्रेथने एकेक हालचाल मोजली. गवंडी पायाशी पडलेली वीट घेण्यासाठी कमरेत वाकतो. वीट असते जेमतेम सव्वादोन किलोची. पण तिच्याबरोबर तो दर खेपेस आपले निम्मे शरीर खाली नेतो आणि वर आणतो. मग वीट हातात फिरवून तिची चांगली बाजू शोधतो आणि चुना घट्ट झाला असल्यास थापीने ठोकत बसतो. गिलब्रेथने भिंतीबरोबर उंच करता येणारी परात बांधली. तीवर विटा कमरेच्या उंचीला आल्या, मदतनिसाने त्या आधीच सरळ लावून ठेवल्या, चुन्याचे मिश्रणही असे राखले की हाताच्या दाबाने वीट बसावी. एका विटेमागील अठरा हालचाली साडेचारांवर आल्या. ताशी 120 विटांच्या जागी 350 विटा बसू लागल्या, असे टेलरने नमूद केले आहे. गवंडी अधिक धावला नाही. त्याचे वाकणे थांबले, एवढेच.

कार्यपद्धतीच्या अभ्यासाचा हा मूळ वस्तुपाठ. कामाला योग्य अशी माणसे शोधण्याऐवजी माणसाच्या शरीराला योग्य असे काम घडवावे, या विचाराला पुढे ‘अर्गोनॉमिक्स’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘अर्गोन’ म्हणजे श्रम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. पोलंडमधील वोयचेख यास्त्रझेंबोव्स्की या विद्वानाने हा शब्द 1857 मध्येच वापरला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये तो नव्याने रूढ झाला.

त्याच काळात फ्रेडरिक टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन कारखान्यांत उभा होता. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात त्याने फावड्याचा अभ्यास केला. एका वेळी सुमारे 21 पौंड भार उचलल्यास दिवसभरात सर्वांत अधिक माल हलतो, असे त्यास आढळले. म्हणून जड खनिजासाठी लहान फावडे व हलक्या कोळशासाठी मोठे, अशी व्यवस्था त्याने केली. कल्पना उत्तम होती. परंतु घड्याळ हे मालकाचे, आणि ते कामगाराच्या छातीवर रोखलेले, अशी भावना पसरण्यास वेळ लागला नाही. सन 1911 मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात वेळ मोजली जाऊ लागताच ओतारी कामगारांनी काम बंद केले. त्यांचा रोष अकारण नव्हता. श्रम वाचतो तेव्हा तो कोणाच्या खात्यावर जमा होतो, हा जमाखर्च टेलरच्या वहीत पुरेसा स्पष्ट नव्हता.

गिलब्रेथ दांपत्याने तो प्रश्न थोडा वेगळा हाताळला. फ्रँकची पत्नी लिलियन मानसशास्त्राची विदुषी होती. 1915 मध्ये तिने ब्राऊन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दोघांनी मिळून थकव्यावर पुस्तक लिहिले. बसून होण्यासारखे काम उभ्याने करवून घेणे त्यांना निव्वळ अपव्यय वाटे. सन 1924 मध्ये फ्रँकचे अकस्मात निधन झाले. मोठ्या कुटुंबाचा संसार लिलियनवर येऊन पडला आणि एका स्त्रीच्या सल्ल्यावर कारखाने चालवण्यास पतीचे अनेक जुने ग्राहक तयार होईनात. तेव्हा तिने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. ओट्याची उंची स्वयंपाक करणारीच्या उंचीप्रमाणे असावी, लागणारे जिन्नस हाताशी असावेत आणि चूल, मोरी व फडताळ यांमधील येरझाऱ्या मोजाव्यात, हे तिने आग्रहाने मांडले. आपल्याकडील बहुतेक घरांत ओट्याची उंची आजही गवंडी ठरवतो, आणि त्या ओट्यावर पुढची चाळीस वर्षे सून राबते.

घरातून दुकानाकडे वळले तर चित्र फारसे वेगळे दिसत नाही. कापडाच्या जुन्या पेढीवर पांढरी गादी अंथरलेली असे. मालक, मुनीम, माल दाखवणारा आणि गिऱ्हाईक, सारेच तीवर बसत. पुढे काउंटर आले, काचेची कपाटे आली. मालकाला गल्ल्यामागे खुर्ची मिळाली, गिऱ्हाइकाला स्टूल मिळाले आणि विक्रेता मात्र उभा राहिला. सकाळी दहा ते रात्री नऊ! घोट्यांना सूज, पायांच्या शिरा फुगणे, कंबरदुखी हे त्याचे नित्याचे सोबती. गिऱ्हाईक नसतानाही नोकर बसलेला दिसला तर दुकानाची शोभा जाते, अशी एक समजूत व्यापारात दृढ आहे. ती कोणत्या हिशेबातून निघाली, हे सांगणे अवघड आहे. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय बंधनकारक केली. एका स्टुलासाठी कायदा करावा लागावा, ही व्यापारी वर्गास भूषणावह गोष्ट म्हणता येणार नाही.

गोदामात स्थिती याहून कठीण. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा हमाल बाजारपेठांत एके काळी सर्रास दिसे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाचा भार 55 किलोंहून अधिक असू नये. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात तर सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही मर्यादा 23 किलोच धरली आहे. भार शरीरापासून दूर धरावा लागला किंवा कंबर पिळावी लागली की ती आणखी खाली येते. महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला मजुरीची व भविष्य निर्वाह निधीची शाश्वती दिली, पण पाठीला विसावा द्यायचा तर पोते लहान व्हावयास हवे आणि ढकलगाडी यावयास हवी. ढकलगाडीची किंमत फार नसते. तिच्यासाठी गोदामातील उंबरठा काढून उतार करावा लागतो, आणि तेवढ्यावरच पुष्कळदा गाडे अडते.

कामाची वाट लांब होण्याचा एक नमुना मध्यमवयीन वाचकांस नक्की आठवेल. बँकेत धनादेश वटवण्यास गेलेल्या ग्राहकाच्या हाती पितळी बिल्ला पडे. धनादेश मग खतावणीच्या कारकुनाकडे, तेथून सही पडताळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तेथून रोखपालाकडे असा टेबलाटेबलांवरून फिरत राही आणि ग्राहक बाकावर बसून आपला क्रमांक ऐकण्याची वाट पाही. टेलर पद्धत आली तेव्हा ठरावीक रकमेपर्यंत एकाच माणसाने धनादेश पाहून पैसे द्यावेत, असे ठरले. कोणाचेही हात अधिक वेगाने चालले नाहीत. मधली टेबले गेली.

दुकानात अशी मधली टेबले शोधण्याची एक सोपी रीत आहे. दुकानाचा प्रमाणबद्ध नकाशा एका पाटीवर चिकटवावा. वजनकाटा, गल्ला, डाळींचे डबे, तेलाचे पिंप, जेथे जेथे माणूस जातो तेथे टाचण्या टोचाव्यात. मग एका नोकराच्या तासाभराच्या फेऱ्या जशा घडतील तसा दोरा टाचणीवरून टाचणीवर न्यावा. शेवटी दोरा सोडवून मोजावा. नकाशाच्या प्रमाणाने गुणिले की त्या तासाची पायपीट कळते. दोऱ्याचे जाळे जेथे दाट होईल तेथेच काहीतरी चुकीच्या जागी ठेवलेले असते. बहुधा असे दिसते की सर्वाधिक खपाचा माल वर्षानुवर्षांच्या सवयीने मागच्या भिंतीशी आहे आणि दर्शनी कप्प्यात महिन्यातून दोनदा विकली जाणारी वस्तू मिरवते आहे. जड माल कमरेच्या उंचीला, नित्याचा माल कोपराच्या टप्प्यात, क्वचित लागणारा वर किंवा तळाशी, एवढ्या फेरमांडणीने शिडीवरची चढउतारही घटते.

मात्र ही मांडणी मालकाने एकट्याने ठरवू नये. या बाबतीत अहमदाबादचा अनुभव बोलका आहे. कस्तुरभाई लालभाई व विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने तेथे 1947 मध्ये वस्त्रोद्योगासाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी राहिली, आणि साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये 1953 च्या सुमारास ए. के. राइस या इंग्रज अभ्यासकाने काम केले. नवे स्वयंचलित माग आले होते, तज्ज्ञांनी प्रत्येक कामाचा भार काटेकोर मोजून दिला होता, तरी अपेक्षित उत्पादन निघत नव्हते. कोणी सूत जोडणारा, कोणी बॉबिन भरणारा, कोणी तेल घालणारा. प्रत्येकाचे काम स्वतंत्र आणि पूर्ण कापडाची जबाबदारी कोणाचीच नाही, असा तो प्रकार होता. काही मागांमागे एक लहान गट असावा, अशी कल्पना राइसने मांडताच कामगारांनी ती उचलली आणि आपापले गट स्वतःच जुळवले. आरंभीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले.

शेवटी तो अप्रिय प्रश्न उरतोच. फेरमांडणीनंतर सहा नोकरांचे काम पाच जणांत होऊ लागले, तर सहाव्याचे काय? मालकाने त्याला दिवाळीनंतर निरोप दिला, की उरलेले पाच जण पुढच्या वेळी टाचण्या खऱ्या जागी टोचणार नाहीत. म्हणून नकाशा भिंतीवर लागण्यापूर्वीच मालकाने शब्द द्यावा की या कारणाने कोणाची भाकरी जाणार नाही. सहावा माणूस घरपोच मालाकडे, उधारीच्या वसुलीकडे किंवा नव्या शाखेकडे वळवला जाईल. तेवढा व्यवसाय वाढण्याची शक्यता नसेल, तर वाचलेला वेळ सर्वांना वाटून दुकान अर्धा तास आधी बंद करता येते. हा शब्द देण्याची तयारी नसेल, त्याने दोरा विकत आणू नये.

निरीक्षणासाठी दिवस साधा निवडावा. बाजाराचा दिवस किंवा सणापूर्वीचा आठवडा सारे चित्र बिघडवतो. आणि टाचण्या टोचण्याचे काम दुकानातील सर्वांत जुन्या नोकराकडे सोपवावे. कोणता डबा कोणत्या वर्षी, कोणाच्या सांगण्यावरून मागे गेला, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते.